ग्वाटेमालाच्या नाचातला लाकडी मुखवटा: पारखायचा कसा, आणायचा कसा आणि पावसाळ्यात टिकवायचा कसा

ग्वाटेमालाला जाऊन आलेल्यांच्या घरी भिंतीवर मुखवटा असतो आणि मुखवट्याबरोबर तक्रार पण असते. खाली बारीक भुगा पडतोय, रंगाचे पोपडे निघतायत, कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेलाय, नाहीतर "फार जुना आहे" म्हणून घेतला तो कालपरवाच बनवलेला निघाला. जवळजवळ सगळ्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी, क्रमात. आधी चेहरा आवडतो, मग भाव होतो, मग पैसे दिले जातात आणि मागची बाजू हॉटेलवर गेल्यावर पाहिली जाते. घरी आल्यावर पण तसंच, आधी खिळा ठोकून टांगतात आणि आत कीड आहे हे नंतर कळतं. म्हणून खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा, मधला एखादा उडी मारून सोडू नका.

एक सुरुवातीलाच सांगतो. इथे बोलतोय ते डोंगराळ भागातल्या किचे, आची वगैरे माया समाजांच्या नाचात चेहऱ्यावर बांधतात त्या लाकडी मुखवट्यांबद्दल. जमिनीतून निघालेले दगडाचे, जेडचे प्राचीन मुखवटे हा खरेदीचा विषयच नाही, कुणी गुपचूप दाखवलाच तर हात न लावता पुढे चालायला लागा. आणि नाचाच्या मुखवट्यातसुद्धा माझं मत ठाम आहे, नवा घ्या, पण नाचायच्या पद्धतीने बनवलेला घ्या. का ते चौथ्या टप्प्यात येईल.

१. निघायच्या आधी: नाच कुठला, पात्र कोण

बाजारात शेकडो चेहरे एकदम समोर येतात आणि डोकं चालेनासं होतं, त्यामुळे हा अभ्यास घरूनच करून जा. फार नाही, चार-पाच नाच ओळखता आले तरी पुरे.

सगळ्यात जास्त दिसतात ते बाइले दे ला कोंकिस्ता म्हणजे विजयाच्या नाचातले. १५२४ साली पेद्रो दे आल्वारादोची स्पॅनिश फौज आणि किचे लोक यांच्यात झालेल्या लढाईची ती गोष्ट आहे. स्पॅनिश पात्रांचे चेहरे गुलाबी-गोरे, केस सोनेरी कुरळे, मिशा-दाढी कोरलेली. किचे सेनापती तेकुन उमानचा चेहरा बहुतेक वेळा सावळा, आणि पुष्कळ मुखवट्यांत त्याच्या डोक्यावर केत्झाल पक्षी कोरलेला असतो. आहित्झ नावाचा मांत्रिक लाल, चेहरा लाल आणि कपडेही लाल, तो चुकायचा नाही. मग तोरितोसच्या नाचातले बैल आणि गुराखी, हरणाच्या नाचातले हरीण, वाघ (तिकडे तिग्रे म्हणतात तो खरं म्हणजे जॅग्वार), माकड, म्हातारा-म्हातारी. मूर (स्पेनमध्ये आलेले उत्तर आफ्रिकेकडचे मुसलमान) आणि ख्रिश्चनांच्या लढाईचा वेगळा नाच आहे. आणि राबिनाल गावात जानेवारीत, २५ तारखेच्या सणाला, राबिनाल आची हे नृत्यनाट्य होतं, त्याचे मुखवटे वेगळे.

आता अर्धा सूर्य अर्धा चंद्र असलेले, किंवा कपाळावर घुबड, घुबडावर साप, सापावर आणखी काही अशी चळत असलेले रंगीबेरंगी मुखवटे पण खूप मिळतात. ते भिंतीसाठी बनवलेले असतात. आवडले तर जरूर घ्या, फक्त नाचाचा म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

तपासा: विक्रेत्याला विचारा, "दे के बाइले एस?" म्हणजे हा कुठल्या नाचातला. ज्याला माहीत असतं तो नाचाचं आणि पात्राचं नाव लगेच सांगतो. नुसतं "माया, माया, खूप जुना" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात.

२. बाजाराच्या आधी वापरातले मुखवटे डोळ्याखालून घाला

ही पायरी सगळेच गाळतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. खरा मुखवटा कसा दिसतो हे डोळ्यांना माहीत नसेल तर बाजारात कशाशी ताडून बघणार? ग्वाटेमाला सिटीत पोपोल वुह म्युझियम आहे, तिथे प्राचीन वस्तूंबरोबर नाचाचे मुखवटेही आहेत. शक्य असेल तर एक सकाळ तिथे द्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोरेरिया. मूरांच्या नाचावरून पडलेलं हे नाव, म्हणजे मुखवटे आणि पोशाख बनवणारं आणि भाड्याने देणारं दुकान-कम-वर्कशॉप. नाचणारे लोक बहुतेक वेळा स्वतःचा मुखवटा विकत घेत नाहीत, सणापुरता पूर्ण संच मोरेरियातून भाड्याने नेतात आणि परत आणून देतात. त्यामुळे एकच मुखवटा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर बसतो, मधेमधे त्याला नवा रंग लागतो, आणि मागच्या बाजूला मोरेरियाच्या मालकाची आद्याक्षरं कोरलेली किंवा डागलेली असतात. चिचिकास्तेनांगो आणि तोतोनिकापानच्या भागात मोरेरिया आहेत. आत जायला विचारा, भिंतीवरचे मुखवटे बघा, मागून बघायला मिळतील का विचारा, आणि तिथे भाड्याने द्यायचे जे मुखवटे आहेत ते विकत मागू नका.

नाच प्रत्यक्ष बघता आला तर उत्तमच. चिचिकास्तेनांगोत सांतो तोमासचा सण डिसेंबरमध्ये असतो, मुख्य दिवस २१ तारीख. होयाबाखचा ऑगस्टच्या मध्यात. बघताना एवढंच लक्षात घ्या की नाचणारा डोक्याला आणि चेहऱ्याभोवती रुमाल गुंडाळतो आणि त्यावर मुखवटा बांधतो, आणि दरवेळी डोळ्यांतूनच बघतो असं नाही. काचेचे डोळे असतील तर बघायची फट त्याच्या वर किंवा खाली कापलेली असते. हे एकदा डोक्यात बसलं की तिसरा टप्पा सोपा जातो.

सावध: नाचाच्या आधी मुखवट्यांसमोर कोपालचा धूप, मेणबत्त्या, दारूचा नैवेद्य असं सगळं केलं जातं, काही ठिकाणी आदल्या रात्री जागरण असतं. बाजूला ठेवलेला मुखवटा उचलून सेल्फी काढायला जाऊ नका. फोटो विचारूनच, आणि सांतो तोमासच्या चर्चमध्ये आत फोटो नाहीच.

३. हातात घेतला की आधी उलटा करा

चिचिकास्तेनांगोचा मोठा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर पोचा, बसगाड्या भरून लोक यायच्या आधी, म्हणजे विक्रेत्याला वेळ असतो आणि तुम्हालाही एकेक मुखवटा नीट उजेडात नेऊन बघता येतो. आणि पुढचा चेहरा कितीही आवडलेला असला तरी पहिल्यांदा बघायची ती मागची बाजू, कारण रंगाने पुढे काहीही झाकता येतं, मागे झाकायला जागा नसते.

पहिलं म्हणजे पोकळी. नाचायचा मुखवटा आतून नीट कोरून पातळ केलेला असतो कारण माणसाला तो डोक्यावर घेऊन तासन्‌तास उड्या मारायच्या असतात, संवादही म्हणायचे असतात. आत नाकासाठी खोलगट जागा हवी, कपाळ आणि गालाला टेकणारा भाग गुळगुळीत हवा. मागची बाजू जवळजवळ सपाट असेल, नाकाला जागाच नसेल, हातात दगडासारखा जड लागत असेल तर तो भिंतीचा मुखवटा आहे, विषय संपला.

दुसरं, फटी. विक्रेत्याला विचारून, मधे स्वच्छ रुमाल धरून मुखवटा चेहऱ्याजवळ न्या. पुढचं दिसतंय का? नाकपुड्यांतून किंवा तोंडातून हवा येतेय का? डोळ्याच्या फटी फार लांब-लांब किंवा अगदी जवळ असतील तर कोरणाऱ्याने माणसाचा विचारच केलेला नाही.

तिसरं, दोरीची भोकं. दोन्ही बाजूंना कानाच्या वरच्या अंगाला आणि कधीकधी कपाळावर पण भोकं असतात. वापरलेल्या मुखवट्यात दोरीने घासून भोकांच्या कडा गोलसर झालेल्या असतात. नव्यात कडा धारदार असणारच, त्यात काही वाईट नाही. फक्त भोकं काठाच्या फार जवळ नकोत, ताण आला की तिथून टवका उडतो.

चौथं, लाकूड, आणि इथे जरा जास्त वेळ घालवा. बहुतेक पांढरं पाइन किंवा सीडर वापरतात. पाइन फिकट आणि हलकं, सीडर लालसर, आत नाक नेलं तर छान वास येतो. कुठलंही चालेल पण वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा मुखवटा शेजारच्या मुखवट्यांपेक्षा हाताला थंड आणि वजनाला जास्त लागतो, मागच्या बाजूला कधी बुरशीचा वास येतो. असा घेतला तर घरी येईपर्यंत तडा ठरलेला. मग वरच्या आणि खालच्या कडेवर लाकडाची वर्तुळं बघा, झाडाचा मधला गाभा मुखवट्याच्या आत आला असेल, म्हणजे कडेवर वर्तुळांचा मध्यबिंदू दिसत असेल, तर तिथूनच लाकूड फाटतं, आज नाही तर सहा महिन्यांनी. अशी वस्तू कितीही सुबक असली तरी परत ठेवा.

पाचवं, कीड. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर मुखवटा पांढऱ्या कागदावर धरून मागून बोटाने टकटक करा. ताजा फिकट भुगा पडला तर कीड जिवंत आहे असं धरून चाला. काही न पडता भोकं काळवंडलेली असतील तर बहुतेक जुनी आहेत, तरी सातवा टप्पा चुकवायचा नाही.

आता पुढून बघा. काचेचे डोळे मागून बसवलेले असतात, हलके दाबून हलतात का बघा. रंगाखाली पांढरा थर असतो, सरस आणि खडूसारखी पूड यांचा, त्यावर तैलरंग किंवा हल्ली सरळ इनॅमल. तो थर लाकडाला घट्ट आहे का ते नाकाच्या शेंड्यावर, भुवयांवर आणि कानांच्या कडेला बघा, सुटायला तिथूनच लागतो.

तपासा: पोकळी, फटी, दोरीची भोकं, लाकूड, कीड, आणि मग चेहरा. यातलं एक जरी बघायचं राहिलं असेल तर भाव विचारू नका, कारण एकदा आकडे सुरू झाले की परत मागे वळून कुणी बघत नाही.

४. "जुना आहे" म्हणाले की

जुनेपणा बनवता येतो. धुरात ठेवून, बूट पॉलिश चोळून, मातीत पुरून, रंग मुद्दाम खरवडून. पण खरी झीज चेहऱ्याच्या हिशोबाने होते. कपाळ, नाकाचा दांडा, गालाची हाडं आणि हनुवटी जिथे टेकते तिथे घामाने आणि घासण्याने लाकूड काळसर आणि चकचकीत होतं, आणि जिथे त्वचा टेकतच नाही ते खोलगट कोपरे त्यामानाने कोरडे आणि फिकट राहतात. सगळी मागची बाजू एकसारखी काळी असेल, कोपऱ्यांसकट, तर ती वरून लावलेली आहे. पॉलिशचा वास येतोच, पांढरा कोरडा रुमाल फिरवला तर त्यावर उतरतो पण.

रंगाचा टवका गेला असेल तिथे भिंगातून बघा. भाड्याने फिरलेल्या मुखवट्यात रंगावर रंग असे थर दिसतात आणि प्रत्येक थराच्या मधे थोडी काजळी, मळ असतो. एकच थर आणि त्याखाली कोरं पांढरं लाकूड, आणि म्हणे अनेक पिढ्या नाचलाय, हे जुळत नाही. बाजारात "बाइलादा" असा शब्द ऐकाल, म्हणजे नाचलेला. त्यावर "कुठल्या गावात, कुठल्या मोरेरियातला" हा पुढचा प्रश्न विचाराच.

समजा सगळं खरं निघालं, मुखवटा खरंच जुना आणि नाचलेला आहे. तरी मी म्हणेन घेऊ नका. एक तर ग्वाटेमालाच्या सांस्कृतिक वारसा कायद्यात (डिक्री २६-९७) पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेल्या वस्तू वारसा म्हणून धरल्या जाऊ शकतात आणि परवानगीशिवाय बाहेर नेताना अडचण होते. दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. संचातला एक मुखवटा गेला की गावाचा संच अपुरा होतो, नाच उभा करायचा तर तो परत कोरून घ्यावा लागतो आणि तो खर्च त्या गावातल्या लोकांवर पडतो. उलट नवा मुखवटा कोरणाऱ्याकडून घेतला की त्याच्या हातात काम राहतं आणि पुढचा संच कोरायला माणूस राहतो. वेळ असेल तर वर्कशॉपमध्ये ऑर्डर द्या, पात्राचं नाव सांगा, "नाचता येईल असा" हे स्पष्ट सांगा, आणि मागे कोरणाऱ्याचं नाव, गाव, साल लिहून घ्या.

५. भाव आणि पावती

छोट्या नोटांत केत्झाल ठेवा (चलनाचं नाव पण पक्ष्याचंच). दोन-तीन दुकानांत सारख्या कामाचा भाव विचारून झाला की अंदाज येतो. बाजारात घासाघीस चालते पण वर्कशॉपमध्ये स्वतः कोरणारा माणूस समोर बसलेला असताना उगाच निम्म्याला मागू नका, एका मुखवट्यात किती दिवसांचं काम आहे ते तिथे दिसतच असतं.

पावतीला फाक्तुरा म्हणतात. कर क्रमांकाच्या जागी "सी एफ" म्हणजे अंतिम ग्राहक असं लिहून मिळते. त्यावर नवी लाकडी हस्तकला असं लिहायला सांगा. छापील पावती नसेल तर साध्या कागदावर दुकान, तारीख, वस्तू, किंमत एवढं लिहून घ्या आणि मुखवट्याचा पुढून-मागून फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

सावध: खरी पिसं, खरी शिंगं, कातडं लावलेला मुखवटा अजिबात नको. केत्झालची पिसं साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात येतात, म्हणजे व्यापाराला बंदीच. तिकडचं हरीण पण ग्वाटेमालाने साइट्सच्या तिसऱ्या परिशिष्टात टाकलेलं आहे. लाकडातूनच कोरलेली शिंगं असलेला हरीण-मुखवटा मिळतो, तो घ्या.

६. पॅकिंग आणि विमानतळ

बबल रॅपचे बुडबुडे थेट रंगावर येऊ देऊ नका, गरम डब्यात, गाडीत ते ठसे रंगात उमटतात. आधी मऊ सुती कापड किंवा आम्ल नसलेला पातळ कागद, मग बबल रॅप. मागची पोकळी कपड्यांनी भरा म्हणजे दाब आला तर कडा तुटणार नाहीत. नाक, शिंगं, पक्ष्याची चोच यांच्याभोवती कापडाची चुंबळ करून ठेवा, वजन त्यांच्यावर नाही तर कपाळ आणि हनुवटीवर आलं पाहिजे. जमेल तर केबिन बॅगेतच.

भारतातून थेट विमान नाही, बरेच जण अमेरिकेमार्गे येतात, आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन आणि कस्टम्समधून जावंच लागतं. लाकडी वस्तू आहे हे तिथे सांगा. साल चिकटलेली, भोकं पडलेली, भुगा गळणारी वस्तू ते अडवू शकतात, रंगवलेली स्वच्छ नवी वस्तू सहसा बघून परत देतात. न सांगता सापडली तर दंड होऊ शकतो. भारतात उतरल्यावरही पावती हाताशी असू द्या.

७. घरी आल्यावर लगेच टांगायचा नाही

घरात फर्निचर असतं, दाराच्या चौकटी असतात, देव्हारा असतो, आणि एका मुखवट्यातली कीड सगळीकडे जाऊ शकते. म्हणून मुखवटा मोठ्या पारदर्शक पिशवीत, खाली पांढरा कागद घालून, बांधून वेगळा ठेवा. महिनाभर तरी. मधेमधे कागद बघा, भुगा दिसला तर उपचार.

रंगाचा थर घट्ट असेल तर फ्रीझरचा उपाय चालतो. दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करा, उणे १८ ते २० अंशाला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. लगेच उघडली की हवेतला दमटपणा गार लाकडावर पाणी होऊन बसतो आणि खालचा सरसाचा थर फुगतो. घरातल्या फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकत नाही, डीप फ्रीझर लागतो.

रंग सुटत असेल किंवा काचेचे डोळे असतील तर फ्रीझर नको. हवा न शिरणाऱ्या जाड फॉइलच्या पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून चांगली सील करा आणि खोलीच्या तापमानाला चारेक आठवडे ठेवा.

आपल्याकडे यावेळी जे हमखास केलं जातं ते म्हणजे कडक उन्हात वाळवणं, रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसणं, भोकांत तेल सोडणं, आत डांबराच्या गोळ्या कोंबणं. उन्हाने लाकूड एका बाजूने आकसतं आणि तडा जातो. रॉकेल, टर्पेंटाइनने रंग मऊ होतो. तेल पांढऱ्या थरात शिरून डाग पडतात ते निघत नाहीत. आणि डांबरगोळ्यांनी आत बसलेली कीड मरत नाही. यातलं काहीही करू नका.

८. टांगणं आणि पुसणं

चिचिकास्तेनांगो साधारण २००० मीटर उंचीवर, थंड हवेचं गाव आहे. तिथलं लाकूड कोकणात नाहीतर मुंबईत जूनमध्ये आलं की दमट हवेने फुगतं, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांच्या घरी हिवाळ्यात हीटर लागला की आकसतं. दोन्हीकडे रंगालाच भोगावं लागतं. त्यामुळे भिंत निवडताना आतली भिंत निवडा, पावसाचा मारा लागणारी बाहेरची नको. किचन, बाथरूमची भिंत, एसीचा थेट झोत, खिडकीचं ऊन, वर तापणारा स्पॉटलाइट हे सगळं टाळा. मागे बुचाचे दोन-तीन तुकडे चिकटवून भिंतीपासून थोडं अंतर ठेवा, चिकटवायचे ते भिंतीला, मुखवट्याला नाही. काचेच्या बंद पेटीत ठेवलात तर पावसाळ्यात आत बुरशी येते, सिलिका जेल ठेवून वेळोवेळी बदलणार असाल तरच ते करा. आणि डोळ्यांच्या फटीत खिळा अडकवून टांगू नका, दोन्ही बाजूंच्या भोकांतून जाड सुती दोरी ओवून वजन दोन्हीकडे वाटून द्या.

पुसायला मऊ कोरडा ब्रश, बस. ओलं फडकं कधीच नाही, कारण रंगाच्या खालचा थर सरसाचा आहे आणि सरस पाण्याने विरघळतो, वरून काही दिसत नाही आणि काही दिवसांनी पापुद्रा उचलला जातो. वॉर्निश, फर्निचर पॉलिश, खोबरेल, यातलं काही नको. कोपालची काजळी किंवा मेणाचे थेंब असतील तर ते पण राहू द्या, ती घाण नाही.

तपासा: पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा खाली उतरवून मागून बघा. नवी भोकं, भुगा, पांढरी बुरशी, रंगाचे फुगे. बुरशी दिसली तर मास्क लावून, घराबाहेर सावलीत, कोरड्या ब्रशने काढा आणि मुखवट्याची जागा बदला.

रंगाचा तुकडा पडलाच तर फेविकॉलने चिकटवू नका, एकदा चिकटला की नीट बसवायला परत काढता येत नाही. तुकडा पाकिटात घाला, कुठून पडला त्याचा फोटो काढून पाकिटावर जागा लिहा, आणि मुखवटा टांगून न ठेवता चेहरा वर करून मऊ कापडावर आडवा ठेवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे फोटो दाखवून आधी विचारा आणि मगच पुढचं ठरवा.